‘नवशिक्यांसाठी उत्तम’ म्हणून विकलेली दुनळी

गेल्या आठवड्यात जुन्या बंदुकांच्या जाहिराती चाळताना एक फोटो दिसला आणि पोटात गोळाच आला. बंदूक वेगळी होती, पण तिच्याखाली पसरलेलं निळ्या चौकडीचं मेणकापड तेच होतं. शब्दही तेच : ‘दुनळी, घरात सांभाळलेली, नवशिक्यांसाठी उत्तम.’ दोन वर्षांपूर्वी त्याच मेणकापडावरून मी ९०० डॉलर मोजून एक बंदूक उचलली होती. इथल्या आपल्या मंडळींपैकी काहीजण यंदा फेझंट या कोंबडीएवढ्या रानपक्ष्याच्या शिकारीला सुरुवात करायची म्हणताहेत, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

मी मिनेसोटात राहते. शेजारच्या काकांबरोबर एकदा नुसती चालायला म्हणून शिकारीला गेले आणि त्यात रमले. गुडघ्याच्या वर वाढलेलं गवत, नाक जमिनीला लावून पुढे धावणारी कुत्री, आणि पायाखालून फडफडत उठणारा तांबूस नर. (हा पक्षी मूळचा आपल्या आशियातला, इकडे आणून सोडलेला.) माझे आजोबा माण तालुक्यातले, त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. तित्तर, लावे आणायचे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि भारतात ते दिवस संपले. ते संपले ते योग्यच झालं. पण इथे हंगाम ठरलेला आहे, पक्षी मोजून मारायचे आहेत, मादीला हात लावायचा नाही आणि मारलेलं खायचं आहे. हे मला पटलं. मी सुरक्षेचा कोर्स केला, परवाना काढला, नारिंगी जाकीट घेतलं. राहिली होती फक्त बंदूक.

काकांनी सांगितलं होतं : दुकानात जा, चारशे-पाचशे डॉलरची साधी नवी पंप घे, २० गेज, तुझ्या खांद्याला झेपेल अशी. (पंप म्हणजे पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची एकनळी. गेज म्हणजे नळीचं माप : आकडा मोठा तितकी नळी बारीक.) मी ऐकलं नाही. मला दुनळीच हवी होती.

विकणारे गृहस्थ सत्तरीचे, बोलायला गोड. कॉफी दिली, मला बोलतं केलं. आजोबांची गोष्ट ऐकल्यावर बंदूक माझ्या हातात ठेवत म्हणाले, ‘‘त्यांच्या हातात ही शोभली असती.’’ तिथेच मी अर्धी विकत घेऊन मोकळी झाले होते. तरी दोन प्रश्न विचारलेच. माझ्याकडे स्वतःची जमीन नाही, मी वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात जाणार. त्या केंद्र सरकारच्या जमिनी आहेत आणि तिथे शिशाचे छर्रे चालत नाहीत, बिनविषारी लागतात, बहुधा पोलादी. या बंदुकीला पोलादी चालतील का? ते म्हणाले, ‘‘तीस वर्षं हिनेच बदकं मारली.’’ बदकांसाठी शिसं देशभर १९९१पासून बंद आहे, म्हणजे तीस वर्षं पोलादच वापरलं असणार, असा मी मनात हिशेब मांडला. हिशेब ठीकच वाटला, पण ते वाक्यच खोटं होतं. दुसरा प्रश्न नळीखाली कोरलेल्या ‘६५’ या आकड्याबद्दल. ‘‘१९६५ साली बेल्जियममध्ये बनलेली,’’ त्यांनी सांगितलं. निघताना भेट म्हणून काडतुसांची एक कापडी पिशवीही दिली.

ऑक्टोबरच्या मध्यावर हंगाम उघडला. दुकानातून पोलादी छर्ऱ्यांची नवी काडतुसं घेतली आणि पहिल्या सकाळी चार बार काढले. चौथ्याला धक्का गालापर्यंत बसला आणि कसलीशी गरम झुळूक तोंडावर आली. बंदूक सांध्यात दुमडून उघडली, काडतुसं काढली, पुन्हा बंद केली तर सांध्यातून खुळखुळायला लागली. नळीवरून हात फिरवला. तोंडापासून दोन बोटं अलीकडे बोटाला अंगठीसारखा उंचवटा लागला. सकाळी तो नव्हता. काका माझ्या डावीकडे वीस पावलांवर होते आणि कुत्री त्याहून जवळ.

काकांनी बंदूक माझ्या हातातून काढून घेतली आणि सोमवारी आम्ही ती घेऊन एका कारागिराकडे गेलो. त्याने काय केलं ते बघा, कारण हे सगळं घेण्याआधी, पैसे न मोजता, कुणालाही करता येतं.

आधी पुढचा लाकडी भाग काढला. तो जागेवर असला की ढिली बंदूकही घट्ट वाटते. मग नुसती नळी आणि दस्ता जोडून हलवलं, उजेडासमोर धरलं. नळी मागे जिथे टेकायला हवी तिथे उजेडाची रेघ दिसली. बिजागरीतून त्याने चिमट्याने पत्र्याची एक पट्टी बाहेर काढली, नखाएवढी, पार चेपलेली. झिजलेला सांधा विकण्यापुरता घट्ट वाटावा म्हणून ती आत सारलेली होती. मग नळ्या वेगळ्या करून बोटावर लटकवल्या आणि लाकडी दांडीने हलकेच टिचकी मारली. धड नळ्या घंटेसारख्या वाजतात. माझ्या नळ्यांचा आवाज आला फुटक्या मडक्यासारखा, बद्द. दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली होती आणि तिच्या कडेला काळा रंग भरलेला होता. दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे हाताने धरतो त्या बारीक भागाशी, लाकूड चिरलेलं होतं. ती चीर भुसा आणि गोंद भरून वर गडद पॉलिशने झाकली होती.

आणि ते ‘६५’. ते साल नव्हतंच. काडतूस बसतं त्या खोबणीची लांबी होती, ६५ मिलिमीटर. मी घेतलेली काडतुसं ७० मिलिमीटरची. गंमत अशी नाही की ती बसत नाहीत. बसतात, हाच धोका. पण उडताना काडतुसाचं तोंड पूर्ण उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. त्यात तोंडाशी आवळलेली जुनी पातळ नळी आणि शिशासारखे न दबणारे पोलादी छर्रे. तो उंचवटा त्याचाच. भेटीच्या पिशवीत कारागिराला दोन पिवळी काडतुसं सापडली, २० गेजची. माझी दुनळी १२ गेजची. २०ची काडतुसं १२ गेजच्या नळीत घसरून पुढे अडकतात, आणि मागून १२चं काडतूस भरून चाप ओढला तर नळी फुटते. म्हणूनच २० गेजला पिवळा रंग देतात. हे मला कोर्सात शिकवलं होतं आणि तरी मी ती पिशवी न उघडता तशीच घरात ठेवली होती.

मी त्या गृहस्थांना फोन केला. आवाजातला गोडवा कायम होता. ‘‘आहे तशी दिली, तुम्ही बघून घेतली.’’ जाहिरात तोवर काढून टाकलेली. पावती नव्हती, चालत्या स्थितीत असल्याचं एक ओळ लिहून घेतलेलं नव्हतं, पैसे रोख. पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून सांगितलं, आणि छोट्या दाव्यांच्या न्यायालयात उभं राहायचं तर माझ्या हाती कागद कुठला? बंदूक घेतानाच ‘तीन दिवसांत कारागिराकडून तपासून घेईन, नापसंत पडली तर पैसे परत’ एवढं लिहून मागितलं असतं, तर त्यांनी तिथेच नकार दिला असता आणि मी कॉफी पिऊन घरी परतले असते.

आता माझ्याकडे २० गेजची नवी पंप आहे. काकांनी सांगितली होती तीच, आणि गेल्या नोव्हेंबरात तिनेच पहिला नर पाडला. दुनळी कपाटात आहे. तिच्या फायरिंग पिना काढून घेतल्या आहेत आणि नळीला कारागिराने दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी तशीच लटकते आहे : ‘उडवू नये.’ परवा एकाने दोनशे डॉलरला मागितली, भिंतीवर लावायला हवी म्हणाला. चिठ्ठी राहू देणार का, असं मी विचारलं. तो म्हणाला, भिंतीवर चिठ्ठी कशी दिसेल? मी दिली नाही.