नायॉशचं फुकट साउंड मीटर अॅप: आकडा बरोबर, पण ‘ए’चा की ‘सी’चा?

आवाज मोजायची अॅप्स ढिगाने मिळतात, आणि बरीचशी नुसता काटा नाचवतात. त्यात ‘नायॉश साउंड लेव्हल मीटर’ उजवं आहे. अमेरिकेच्या सरकारी कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजेच नायॉशने, ते 2017 मध्ये आणलं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, आणि प्रयोगशाळेत तपासलेली अचूकता ±2 डेसिबल. चालतं मात्र फक्त आयफोन-आयपॅडवर. अँड्रॉइडमध्ये माइकच इतक्या तऱ्हेचे की सगळ्यांना एक माप लागू होत नाही.

मोजताना फोनचं कव्हर काढा, खालचा माइक बोटाने झाकू नका, ब्लूटूथ बंद ठेवा आणि फोन हात लांब करून धरा. सतत हलणाऱ्या आकड्याकडे बघत बसू नका. पाच-दहा मिनिटं मापन चालू ठेवून एलएइक्यू, म्हणजे त्या वेळाची सरासरी, तेवढी वाचा. स्पीकरपासूनचं अंतर लिहून ठेवा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की एका छोट्या स्पीकरचा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, त्यामुळे अंतराशिवाय आकड्याला अर्थ नाही.

खरी गोम सेटिंगमधल्या ए आणि सी या दोन वेटिंगमध्ये, म्हणजे खर्ज-तीव्र सुरांना किती वजन द्यायचं त्या दोन पद्धतींमध्ये आहे. नियम बहुतेक ठिकाणी ‘ए’मध्ये मोजतात, आपल्याकडचे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियमही त्यातच आहेत (निवासी भागात दिवसा 55, रात्री 45). पण ‘ए’ची वक्ररेषा निघाली फ्लेचर आणि मन्सन यांच्या 1933 च्या मोजणीतून, आणि तीही हळू आवाजांसाठीची. हळू आवाजात कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो, म्हणून ‘ए’ 50 हर्ट्झवर तब्बल 30 डेसिबल वजा करतं. आवाज वाढला की कान खर्जाला इतका बहिरा राहत नाही. वजाबाकी मात्र तेवढीच होत राहते. ताशाची तडतड ‘ए’मध्ये जवळपास पुरती उमटते, डीजेचा छातीत बसणारा खर्ज बराचसा गळून पडतो. ‘सी’ मात्र खर्ज जवळपास वजा करत नाही. तेव्हा मिरवणुकीत एकदा ‘ए’वर आणि लगेच त्याच जागी ‘सी’वर मोजा. ‘सी’चा आकडा 15-20 डेसिबलने जास्त आला तर त्रास खर्जाचा आहे. तो खिडकी लावून फारसा थांबत नाही.

आणखी एक घोळ नेहमी होतो. तेवढाच दुसरा स्पीकर लावला तर आकडा जेमतेम 3 ने वाढतो. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात. उलट कानाच्या इजेचा हिशेब 3 च्याच पायरीने चालतो. नायॉशच्या मते दिवसाला जास्तीत जास्त 85 डेसिबलला आठ तास, 88 ला चार, 100 ला फक्त पंधरा मिनिटं. कारखान्यात डोस, म्हणजे दिवसभरात कानावर पडलेला एकूण आवाज, बघणार असाल तर सेटिंगमध्ये नायॉशचं माप आहे ना, हे आधी पाहा. ओशाचं (अमेरिकेत कामगार-सुरक्षेचे नियम करणारी संस्था) माप 90 आणि 5 ची पायरी धरतं, त्यात 100 डेसिबलला दोन तास मिळतात.

आवाज कुठून येतो ते हे अॅप सांगणार नाही. कानाला दिशा कळते ती दोन कानांत आवाज पोचण्याच्या फरकावरून (जास्तीत जास्त 0.7 मिलिसेकंदाच्या आसपास) आणि डोक्याच्या आडोशाने पडणाऱ्या कमी-जास्तीवरून. खर्जाला डोक्याचा आडोसा होतच नाही, त्यातून खोलीत भिंतींचे पडसाद. म्हणून शेजारच्यांचा सबवूफर ‘सगळीकडून’ येतो. अॅपने तो खर्ज मोजायचा तर ‘सी’वर ठेवून खोलीच्या मध्याजवळ दोन-तीन जागी मोजा. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि तिथला आकडा फसवतो.

उणिवा दोन. शांत रात्री माइकची स्वतःची खरखर मध्ये येते, म्हणून 45 च्या आसपासच्या आकड्यावर भिस्त नको. वारा असेल तर फोमची टोपी असलेला बाहेरचा माइक लावा, नाहीतर ‘सी’चा आकडा वाऱ्याचाच येईल, माइक बदलल्यावर कॅलिब्रेटरने (ठरावीक पातळीचा आवाज देणारं उपकरण) अॅप पुन्हा जुळवावं लागतं. तक्रारीसोबत अॅपचा रिपोर्ट जोडता येईल, पण त्याला प्रमाणित मीटरचं वजन नाही.