अमेरिकेतल्या भाड्याच्या घरासाठी लक्स निओ १८५ बिडे: घ्यावा का, बसवावा कसा

अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये बाथरूमच्या फरशीला सहसा पाणी जायची जाळी नसते. कमोडशेजारी पाणी सांडलं तर ते सांध्यांतून झिरपतं आणि खालच्या घराच्या छतावर डाग उमटतो. आपल्या सवयीचा जेट स्प्रे तिथे म्हणूनच जोखमीचा. वापरून झाल्यावर त्याचा कॉक बंद करायचा राहिला, तर नळीवर रात्रंदिवस दाब राहतो आणि ती एखाद्या दिवशी फुटू शकते. बिडे म्हणजे कमोडच्या सीटखाली बसणारी, धुवायला पाण्याची धार सोडणारी पट्टी. तिचं पाणी कमोडच्या आतच पडतं. भाड्याच्या घरात असा बिडेच घ्यावा.

निओ १८५ ला वीज लागत नाही. नोजल दोन: एक मागे धुवायला, दुसरं खास स्त्रियांसाठी. उजव्या हाताच्या पट्टीवर दोन नॉब आहेत, एक दाबाचा आणि एक नोजल निवडायचा.

बसवताना सगळं लक्ष टी-जोडावर द्या, म्हणजे टाकीच्या पाण्याला बिडेसाठी फाटा काढणाऱ्या T आकाराच्या जोडावर. कमोडमागचा कॉक घड्याळाच्या दिशेने बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, उरलेलं पाणी स्पंजने टिपा. टाकीखालची नळी सोडवून तिथे टी हातानेच आवळा. आवळताना टाकीच्या आतला व्हॉल्व्ह दुसऱ्या हाताने धरून ठेवा, नाहीतर तोही फिरतो. मग टीला खालून जुनी नळी आणि बाजूने बिडेची नळी जोडा. टाकीचे ७/८ इंची आटे बहुधा प्लॅस्टिकचे असतात. पाना लावून जोर केला की ते वाकडे बसतात, आणि गळती तिथूनच सुरू होते. वॉशर जागेवर आहे ना, हे आधी पाहा. रबरी वॉशर दाबून पाणी अडतं तिथे टेफ्लॉन टेपचा उपयोग नाही. शेवटी सांध्याभोवती कोरडा टिश्यू गुंडाळा आणि तासाभराने, पुन्हा दुसऱ्या दिवशी तपासा.

जुन्या घरात नळीऐवजी ताठ धातूचा पाइप असेल तर टीमुळे उंची बदलते आणि तो जुळत नाही. ३/८ × ७/८ इंची लवचीक नळी आणावी लागते. कॉक गंजून अडकला असेल तर बळजबरी नको, इमारतीच्या मेंटेनन्सला बोलवा. सीटच्या मागे कमोड वर वळत गेलेला असेल, तर सीटखालची पट्टी सपाट बसत नाही. विकत घेण्याआधी हे पाहून घ्या. पट्टीमुळे सीट मागून किंचित उचलली जाते, तेवढ्यापुरते पुढे जाड रबरी गुट्टे चिकटवा.

आई-बाबा येणार असतील तर दाबाबद्दल आधीच सांगा. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतून दहा फुटांच्या उंचीला दर चौरस इंचाला जेमतेम सव्वाचार पौंड दाब मिळतो, अमेरिकेत घरात तो साधारण ४० ते ८० पौंड असतो. नॉब अगदी हळू फिरवायचा, आणि तोही सीटवर नीट बसल्यावरच.

मिनेसोटासारख्या ठिकाणी हिवाळ्यात पाणी बोचतं. तिथे गरम पाण्याचा निओ ३२० बरा. त्याची दुसरी नळी सिंकखालच्या गरम पाण्याच्या कॉकला जोडतात, म्हणून सिंक कमोडच्या जवळ हवं. नळीत साचलेलं पाणी गारच असतं, तेव्हा आधी सिंकचा गरम नळ थोडा सोडून ठेवा.

घर सोडताना टी काढून जुनी नळी पुन्हा टाकीला लावा, आणि वॉशर झिजला असेल तर नवा घाला.