रंगीत निलगिरीच्या नावावर रस्त्याकडेचं झाड

मुलुंड-भांडुप भागात राहणाऱ्यांनी जरा सावध राहा. रविवारी सकाळी एक रोपांचा टेम्पो लागतो. मोगरा, जास्वंद, अडेनियम असा नेहमीचा माल, आणि दर्शनी बाजूला लॅमिनेट केलेला मोठा फोटो: हिरव्या, निळ्या, नारिंगी, जांभळ्या पट्ट्यांचं खोड. "ओरिजनल ऑस्ट्रेलियन रेनबो निलगिरी, काका. अख्ख्या मुंबईत फक्त माझ्याकडे."

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्या फोटोवर १८०० रुपये मोजले. वर 'खोडाला रंग चढायचं टॉनिक' म्हणून ४५० रुपयांची बाटली. बिल मागितलं तर म्हणे रोपांना कुठे बिल असतं!

रोप तरतरीत होतं, खोटं कशाला बोलू. कमरेएवढी उंची, विळ्यासारखी वाकडी, लांबट, जाड पानं. निलगिरी बघितलेला कुणीही हो निलगिरीच म्हणाला असता. मोबाईलमधल्या झाडं ओळखणाऱ्या ॲपनेसुद्धा निलगिरीच सांगितली, आणि विकणाऱ्याचा सगळा धंदा याच साम्यावर चालतो.

बिंग फुटलं ते कुंडीतल्या एका पिटुकल्या रोपामुळे. नर्सरीच्या पिशवीत दुसरं बी पडलेलं असणार, ते पावसाळ्यात उगवलं. त्याची खालची पानं गुलमोहरासारखी, बारीक पर्णिकांची. त्याच्या वरचं पान मात्र चमत्कारिक: देठ चपटा, रुंद झालेला आणि टोकाला त्याच बारीक पर्णिकांचा झुबका. त्याहून वर नुसतीच वाकडी 'पानं', थेट मोठ्या रोपासारखी.

माझी मावसबहीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिने ते पाहिलं आणि हसायलाच लागली. "अण्णा, ही निलगिरी नाही. ही ऑस्ट्रेलियन बाभूळ, आकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस. आणि तुम्ही पानं म्हणताय ती पानं नाहीतच, चपटे झालेले देठ आहेत. खरी पानं फक्त लहानपणी येतात." मग तिने एक पान खिडकीच्या उजेडाला धरलं. बुडापासून टोकाकडे तीन ठळक शिरा शेजारी-शेजारी धावत होत्या. निलगिरीच्या पानात मधोमध एकच मुख्य शीर असते आणि तिला बाजूच्या शिरा फुटतात. रेनबो निलगिरीच्या कोवळ्या फांद्या चौकोनी असतात, हेही तिने सांगितलं. आमच्या रोपाची फांदी बोटांत फिरवली तर चौकोनी मुळीच नव्हती. पान चुरगाळून वास घ्यायची युक्ती इथे भरवशाची नाही, कारण रेनबोला निलगिरीचा तो उग्र वास फारसा येतच नाही.

आता गंमत बघा. रेनबो निलगिरी, युकॅलिप्टस डेग्लुप्टा, ऑस्ट्रेलियाची नाहीच. ती फिलिपीन्स, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनीकडची. आणि गळ्यात मारलेली बाभूळ खरोखर उत्तर ऑस्ट्रेलियातही मूळची आहे! अण्णांनी फोन केला तेव्हा त्या माणसाने हेच तोंडावर फेकलं: "काका, ऑस्ट्रेलियाचंच दिलंय ना?" पैसे परत करायचं नाव काढताच फोन कट, नंतर नंबर ब्लॉक. हीच बाभूळ मुंबईत आणि कोकणात रस्त्याकडेला, टेकड्यांवर ढिगाने लावलेली आहे. पिवळे तुरे आणि कानासारख्या पिळवटलेल्या शेंगा दिसल्या की समजा तीच. तिचं पिशवीतलं रोप वडापाव-चहाच्या पैशात मिळतं.

टॉनिकचं तर विचारूच नका. बाटलीवर ना कंपनी, ना घटक, आत हिरवं पाणी. रेनबोच्या खोडावर रंग दिसतात ते साल पट्ट्यापट्ट्यांनी, वेगवेगळ्या वेळी सोलून निघते म्हणून. आतली ताजी साल हिरवी असते, ती जुनी होताना रंग बदलत जाते. यात औषधाचा काही संबंध नाही. शिवाय तो खेळ चांगल्या जाडजूड खोडावर रंगतो, अंगठ्याएवढ्या काडीवर नाही. आणि हे झाड साठ मीटरच्या वर जातं. गॅलरीतल्या कुंडीत ते कुठे मावणार होतं, हा प्रश्न खरी रेनबो मिळाली असती तरी उरलाच असता.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. जीपेचा स्क्रीनशॉट होता म्हणून निदान सांगायला काहीतरी होतं. कुणी विदेशी झाड म्हणून विकत असेल तर शास्त्रीय नाव लिहिलेलं बिल मागा. नुसता खोडाचा किंवा फळांचा फोटो दाखवत असेल तर विकायला ठेवलेल्या रोपाच्याच पानाचा जवळून फोटो काढा आणि पैसे देण्याआधी कुणा जाणकाराला पाठवा.

गेल्या रविवारी टेम्पोवर फोटो बदललाय. आता 'ऑस्ट्रेलियन मॅकाडेमिया, दोन वर्षांत फळ', २२०० रुपये. मॅकाडेमिया, म्हणजे सुक्या मेव्यातली ती कठीण कवचाची बी, खरीच ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडकडची, पण नेहमी विकल्या जाणाऱ्या जातीत वाढलेल्या रोपाच्या एकाच पेरावर तीन पानं येतात. टेम्पोतल्या रोपांना पानं एकाआड एक आहेत.