काळ्या दाढीदार शेवाळावर पेरॉक्साइड आणि लिक्विड कार्बन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत विश्रामबागेतील आमच्या घरी तीन फुटी फिशटँक असून दगड, वाळू आणि लाकूड वजा जाता त्यात साधारण ११० लिटर पाणी मावते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अनुबियस या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडांवर आणि फिल्टरच्या तोंडाशी ब्रशच्या केसांसारखे काळपट झुपके दिसू लागले. नखाने खरवडले तर पान फाटायचे, झुपका मात्र जागचा हलत नसे.

पहिली चूक माझीच झाली. शेवाळ कोणते हे न पाहता दुकानदाराने दिलेले सरसकट शेवाळनाशक मी दोन महिने ओतत राहिलो. काचेवरचा हिरवा थर तेवढा कमी झाला. अखेरीस झुपक्यांसह एक पान कापून वाटीभर सर्जिकल स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवले. सकाळी स्पिरिट हिरवट झाले होते आणि काळा झुपका चक्क विटकरी-गुलाबी. दिसायला काळे असले तरी हे लाल शेवाळाच्या कुळातले असते; स्पिरिटमध्ये हरितद्रव्य उतरते आणि त्याखाली झाकलेले लाल रंगद्रव्य उघडे पडते.

त्यानंतर हायड्रोजन पेरॉक्साइडकडे वळलो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे : आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी बाटली बहुधा ६ टक्के, म्हणजे ‘२० व्हॉल्यूम’ असते, तर टँकसाठी सांगितलेली मात्रा सहसा ३ टक्क्यांची असते. म्हणून मी १० मिली पेरॉक्साइडमध्ये तेवढेच आरओचे पाणी मिसळतो, फिल्टर बंद करतो आणि सुई काढलेल्या सिरिंजने ते द्रावण थेट झुपक्यांवर सावकाश सोडतो. बारीक बुडबुड्यांची झालर उठते. पंधरा मिनिटांनी फिल्टर पुन्हा सुरू. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झुपके गुलाबी, मग राखाडी होतात आणि कोळंब्या ते फस्त करतात. एका दिवसात एवढ्याच भागावर थांबावे. संपूर्ण टँक एकदम साफ करण्याचा मोह माशांच्या जिवावर बेतू शकतो.

पाणवनस्पतींचे खत म्हणून विकल्या जाणाऱ्या लिक्विड कार्बन या द्रवाबद्दल माझे मत संमिश्र आहे. त्यातील मुख्य घटक ग्लुटराल्डिहाइड असल्याने ते खतापेक्षा शेवाळ रोखण्याच्या कामीच अधिक येते, असा माझा अनुभव आहे. लेबलवरील पूर्ण मात्रा सुरू केल्यावर आठवड्याभरात व्हॅलिस्नेरियाची हिरवीगार पाती पेजेसारखी विरघळली. आता निम्मी मात्रा, तीही हातमोजे घालून. वासही उग्र आहे.

‘शेवाळ खाणारा मासा’ म्हणून घेतलेल्या जोडीने तर फसवणूकच केली. सियामीज अल्जी ईटरची काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत जाते आणि त्याचे पर पारदर्शक असतात. आमच्या जोडीच्या पट्टीवर सोनेरी रेघ होती, म्हणजे ते फ्लाइंग फॉक्स या दुसऱ्याच जातीचे मासे निघाले. शेवाळ सोडून त्यांनी इतर माशांना पळवण्यातच धन्यता मानली.

खरा फरक मात्र दिव्याने पडला. वीज गेली की आमचा चकतीवाला टायमर तेवढा वेळ थांबायचा आणि पुढे सगळे वेळापत्रक मागे सरकायचे. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर ऊन येत होतेच, वर दिवा रात्री अकरापर्यंत जळत राही. बॅटरीचा डिजिटल टायमर लावून दिवा सात तासांवर आणला, खिडकीला जाड पडदा लावला, फिल्टरचा स्पंज धुऊन प्रवाह पूर्ववत केला आणि दर रविवारी एक तृतीयांश पाणी बदलू लागलो. त्यापूर्वी पेरॉक्साइडने गेलेले झुपके तीन आठवड्यांत परत येत. आता साडेतीन महिन्यांत नवीन पानांवर एकही आलेला नाही.

फिल्टरच्या तोंडाशी मात्र अजून बोटभर काळी कड उरली आहे. ते प्लास्टिकचे नळकांडे काढून पेरॉक्साइडच्या बादलीत बुडवायचे म्हटले तर जुनाट क्लिप तुटेल, म्हणून तेवढे तसेच ठेवले आहे.