माल एक नंबर, पण सोबतचा कागद कामाचा नाही (साडेतीन स्टार)

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तांब्याच्या फॉइलवर वाढवलेलं सीव्हीडी ग्राफीन (गरम वायूतून जमवलेला, एका अणूइतका पातळ कार्बनचा थर) ऑनलाइन मागवलं, वरून आधाराला पीएमएमए या प्लॅस्टिकचा थर आधीच दिलेला. सावंतवाडीपर्यंत कुरियर भर पावसात आलं तरी फॉइलला एक सुरकुती नाही, पॅकिंगला फुल मार्क.

आता तक्रार. 'ट्रान्सफरसाठी रेडी' (म्हणजे तांबं विरघळवून ग्राफीन वेफरवर, सेमीकंडक्टरच्या चकतीवर, उतरवायला तयार) लिहिलंय त्यावर जाऊ नका. ग्राफीन फॉइलच्या दोन्ही बाजूंना वाढतं आणि मागच्या बाजूचं यांनी काढलेलंच नव्हतं, कागदावर त्याबद्दल अवाक्षर नाही. आम्ही पहिला तुकडा तसाच तांबं विरघळवणाऱ्या अमोनियम परसल्फेटमध्ये सोडला, पाणी निळसर झालं, तांबं गेलं, आणि फिल्मच्या पोटाला काळपट कपटे लोंबत राहिले ते थेट वेफरवर चिकटले. दुसऱ्या वेळी मागची बाजू मिनिटभर पातळ नायट्रिक ॲसिडवर टेकवली, धुतली, मग जमलं. (तांबं विरघळवायला फेरिक क्लोराइड पीसीबीवाल्यांकडे, म्हणजे सर्किट बोर्ड बनवणाऱ्यांकडे, स्वस्तात मिळतं पण लोखंडाचे डाग मागे ठेवतं, त्या वाटेला जाऊ नका.)

तांबं गेल्यावर पाण्यावर उरते ती दुधावरच्या सायीसारखी फिल्म, तिरका उजेड पाडला तरच कड दिसते. लॅबचे मामा वाकून वाकून बघून म्हणाले, "सर, माका तर कायच दिसना नाय." कसं दिसणार, ग्राफीनचा एक थर उजेड अडवतो जेमतेम २.३ टक्के, दिसतं ते वरचं पीएमएमए! ती वेफरवर अलगद उचलायची, आणि धुवायला बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर अजिबात वापरू नका, आमच्या तुकड्यावर वाळल्यावर ठिपके उमटले.

सगळ्यात जास्त छळलं ते आपल्या हवेने. जुलैत इथे फिल्मखालचं पाणी सुकतच नाही, डेसिकेटरमधली (वस्तू कोरड्या ठेवायच्या बंद भांड्यातली) सिलिका जेल दोन दिवसांत ओल पिऊन गुलाबी. घाई करून हॉटप्लेट थेट १५० वर नेली तर खालच्या पाण्याची वाफ झाली आणि फिल्मला घावनासारखी जाळी पडली. रात्रभर वेफर तिरकी उभी ठेवा, मग हळूहळू तापवा.

ॲसिटोनने पीएमएमए निघतं पण पूर्ण नाही, आणि इलेक्ट्रॉनिक्सला नडतं ते हेच, उरलेला चिकटा आणि अडकलेली ओल ग्राफीनला पी-टाइप करून ठेवतात (म्हणजे त्यात इलेक्ट्रॉन कमी पडतात), आमच्या ट्रान्झिस्टरचा डिरॅक पॉइंट (ज्या गेट व्होल्टेजला करंट सगळ्यात कमी, तो) शून्याजवळ यायचा सोडून पार पॉझिटिव्हकडे सरकलेला. पीएमएमएचा थर किती जाड आहे असं सपोर्टला मेलवर विचारलं तर उत्तर काय, 'ॲसिटोनमध्ये बुडवा'. धन्य! कोमट ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवल्यावर थोडा फरक पडला एवढंच.

कोरियात २०१० साली ३० इंची फिल्म रोलरने उतरवून दाखवली होती आणि आम्ही एक सेंटीमीटरसाठी घाम गाळतोय.

दीड स्टार कापला तो त्या कागदाचा आणि त्या मेलचा. पुढची फॉइल याच दुकानातून, पण दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, आणि पीएमएमएच्या थराशिवायची.