अमिगा 1200 आणि रुसणारं 68030 कार्ड: दुरुस्तीनंतरचा अनुभव

जुन्या बाजारातून घेतलेलं, जुन्या कॉम्प्युटरचा वेग वाढवणारं अ‍ॅक्सिलरेटर कार्ड मनात आलं तर चालतं, नाहीतर मशीन अडकवतं, अशा अवस्थेत असेल तर लगेच सोल्डरिंग आयर्न तापवू नका. माझ्या अमिगा 1200 चं (कमोडोरचा जुना घरगुती कॉम्प्युटर) 50 मेगाहर्ट्झच्या 68030 प्रोसेसरचं कार्ड गेल्या हिवाळ्यात दुरुस्त केलं. इकडे जर्मनीत आता उन्हाळा सरत आलाय आणि अमिगा जवळपास रोज चालू असतो. कार्ड कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही; तीस वर्षांनी तिला बोल लावण्यात काय अर्थ?

मूळ मशीनमध्ये (1992) साधारण 14 मेगाहर्ट्झचा 68ईसी020 प्रोसेसर आणि 2 एमबी चिप रॅम. तीही ग्राफिक्स आणि आवाजाच्या चिपांबरोबर वाटून घ्यायची. डब्ल्यूएचडीलोडवर (फ्लॉपीवरचे गेम हार्ड डिस्कवरून चालवणारा प्रोग्रॅम) मोठे गेम चालवायचे तर फास्ट रॅम (फक्त प्रोसेसरसाठीची वेगळी मेमरी, ती अशा कार्डावर असते) लागतेच, म्हणून हा उपद्व्याप.

दुखणं असं: थंड असताना सगळं सुरळीत, थोडं तापलं की काळी स्क्रीन आणि लाल चौकटीत एरर. आकडा कधी 80000003, कधी 80000004. एकच प्रोग्रॅम दरवेळी तोच आकडा देत असेल तर आधी सॉफ्टवेअरवर संशय घ्यावा. आकडे बदलत राहिले की मल्टिमीटर काढावा. मी फ्लॉपीच्या पॉवर कनेक्टरवर मोजलं: 5 ऐवजी जेमतेम 4.7 व्होल्ट. मशीनबरोबर आलेला थकलेला सप्लाय बदलून जास्त अँपिअरचा लावला आणि अर्धा त्रास तिथेच संपला. कार्डाला अजून हातही लावला नव्हता!

उरलेला त्रास कनेक्टरचा. ट्रॅपडोअरचे (मशीनच्या तळाच्या झाकणाखालची कार्डाची जागा) 150 संपर्क आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसले, तर इअरबड काळाकुट्ट. मग कार्ड भिंगाखाली धरलं. कनेक्टरच्या कोपऱ्यातल्या एका पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर होती. कार्ड वर्षानुवर्षं घालता-काढताना ताण नेमका कोपऱ्यांवरच येतो. थंड असताना चीर मिटलेली, तापल्यावर उघडणारी. फ्लक्स लावून त्या ओळीला नव्याने डाग दिले. 72 पिनांची रॅमही बदलून 60 नॅनोसेकंदांची घातली.

मदरबोर्ड 1डी.4 किंवा 2बी आवृत्तीचा असेल तर ई123सी आणि ई125सी हे कपॅसिटर काढण्याचा टाइमिंगचा उपाय अमिगावाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. माझ्या बोर्डावर ते आधीच कुणीतरी काढले होते, तेही सफाईने. मदरबोर्डवरचे गळके इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मात्र बदलावे लागले. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. पॅड उखडायची भीती वाटत असेल तर सरळ जाणकाराकडे द्या.

आता कसं चालतंय? रात्रभराच्या मेमरी टेस्टमध्ये एकही एरर नाही. खोलीत उकडत असेल तेव्हा मात्र दोन-तीनदा अडकलंय. मशीनखाली रबराचे उंच पाय लावून हवा खेळती केल्यापासून ते थांबलं. थंडगार सकाळी पहिल्यांदा चालू करताना अजूनही कधीकधी रिसेट द्यावा लागतो. ते मी सोडून दिलंय.

फक्त वेग हवा असेल तर पिस्टॉर्म32 घ्या. त्यात रास्पबेरी पाय हा एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर 68000 घराण्याच्या प्रोसेसरची नक्कल करतो आणि माझ्या कार्डाला सहज मागे टाकतो. खरी मोटोरोलाची चिपच हवी असेल तर जुनं कार्ड घेताना विक्रेत्याकडून ते तासभर चालू ठेवल्याचा व्हिडिओ मागा. नुसत्या बूट स्क्रीनच्या फोटोवर पैसे देऊ नका.