आउग्सबुर्गची फुगेराय : वर्षाचं भाडं 88 सेंट, वर रोजच्या तीन प्रार्थना

म्युनिकला पाहुणे आले की सगळे त्यांना राजवाडे दाखवायला नेतात, ते न्याच, पण अर्धा दिवस काढून आउग्सबुर्गची फुगेराय, म्हणजे गरिबांसाठी बांधलेली जुनी वसाहत, पण दाखवा. म्युनिकहून रिजनल ट्रेनने पाऊण तासाच्या आसपास, पुढे एक नंबरची ट्राम, स्टॉपचं नावच फुगेराय. आमच्याकडून 5 पैकी 4 स्टार, म्हणजे माझे 3 आणि बायकोचे 5, सरासरी काढली. एवढा फरक का ते सांगतो.

आधी हे काय आहे ते. याकोब फुगर नावाचा बँकर होता, चांदी-तांब्याच्या खाणींतला पैसा, युरोपभर पेढ्या, लोक त्याला सरळ श्रीमंत याकोबच म्हणायचे. 1519 मध्ये पाचवा कार्ल सम्राट म्हणून निवडून यावा यासाठी मतं फिरवायला जो पैसा लागला त्यातला निम्म्याहून जास्त याने दिलेला. तर या माणसाने गावातल्या कष्टकरी गरिबांसाठी वसाहत बांधली, 1521 ला त्याचा रीतसर ट्रस्ट केला, आणि ती अजून चालू आहे. 67 घरं, त्यात 140 च्या आसपास फ्लॅट, दीडशेच्या आसपास माणसं आज राहतायत आणि भाडं वर्षाला 88 सेंट. महिन्याला नाही हो, वर्षाला. तेव्हा एक ऱ्हाइनिश गुल्डन, म्हणजे त्या काळचं नाणं, ठरलं, ते पुढे कोणी वाढवलंच नाही. हीटिंग, पाणी वगैरे वेगळं भरावं लागतं. राहायला माणूस आउग्सबुर्गचा हवा, गरजू हवा आणि कॅथलिक हवा. आणि रोज एकदा तीन प्रार्थना म्हणायच्या, प्रभूची प्रार्थना, मरियामातेची आणि क्रीड म्हणजे श्रद्धेची कबुली, फुगर घराण्याच्या आत्म्यांसाठी.

इथूनच आमचं वाजलं. मी नगरचा, प्रोटेस्टंट, आमच्या मंडळीत मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची पद्धत नाही, माणूस गेला की त्याचा हिशोब देवाकडे, आपण मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करायची. बायको वसईची, कॅथलिक, तिच्याकडे 2 नोव्हेंबरला कबरी साफ करून फुलं मेणबत्त्या लावतात आणि आजी-आजोबांच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ठेवतात, मला पण नेतात आणि मी जातोही. तिचं म्हणणं, यात काय चुकलं, त्याने घर दिलं यांनी प्रार्थना दिली. माझं म्हणणं, अगं हा सौदा झाला, दया कुठे आली यात?

आणि सौदा म्हणायला कारण आहे. फुगरच्या हिशोबाच्या वह्यांत संत उलरिखच्या नावाने वेगळं खातं होतं, दानधर्माचा पैसा त्या खात्यात, आपल्याकडचे जुने व्यापारी धर्मादाय खातं ठेवायचे अगदी तसंच. त्यात वाईट काही नाही. पण हाच माणूस माइन्झच्या आर्चबिशपला कर्ज देतो, ते फिटावं म्हणून पापक्षमेची पत्रं विकायला निघतात, विक्रीच्या पेटीवर फुगरची माणसं लक्ष ठेवतात, अर्धा पैसा रोमला आणि अर्धा कर्जवसुलीला. त्यावर भडकूनच लुथरने, ज्याच्यापासून आमचा प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला त्याने, 1517 ला ते 95 मुद्दे लिहिले. म्हणजे एकीकडे पर्गेटरीतून, मेल्यावर पापं जाळून शुद्ध होण्याच्या जागेतून, सुटकेच्या धंद्यात भागीदारी आणि दुसरीकडे स्वतःच्या सुटकेसाठी गरिबांच्या तोंडून रोज तीन प्रार्थना. माझे दोन स्टार इथे गेले, फ्लॅटला नावं ठेवायला जागा नाही.

बायकोने मग मला बायबलमधल्या लूकचा सोळावा अध्याय काढून दाखवला, मोबाईलवर, तिथेच कारंज्याजवळच्या बाकावर बसून. लाजराची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, जांभळी वस्त्रं घालणारा श्रीमंत, त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर, कुत्रे त्याचे फोड चाटतायत, मग दोघं मरतात आणि लाजर अब्राहामाच्या उराशी आणि श्रीमंत खाली ज्वाळेत, जीभ गार करायला बोटभर पाणी मागत. संडे स्कूलमध्ये हे चित्र इतक्या वेळा बघितलंय की त्याच्या थोडं वरचं नववं वचन मी नेहमी उडी मारून पुढे गेलेलो. तिथे येशू सांगतो की अनीतीच्या धनाने का होईना मित्र जोडा, म्हणजे ते धन संपेल तेव्हा ते तुम्हाला सार्वकालिक वस्तीत घेतील. वस्ती! फुगरने अक्षरशः हेच केलं की, इथे वस्ती बांधून दिली आणि तिथल्या वस्तीत कोणीतरी आपल्यासाठी शब्द टाकेल ही आशा ठेवली. मला उत्तर सुचलं नाही असं नाही, डाव्या हाताचं उजव्याला कळू नये हे मत्तयमध्ये आहेच आणि इथे तर गेटवरच्या 1519 च्या दगडी पाटीवर तिघा भावांची नावं कोरलीयत. पण तिचा मुद्दा साधा नव्हता हे मान्य.

आता जागेबद्दल. पिवळसर रंगाच्या दुमजली घरांच्या सरळ रांगा, खिडक्यांना हिरवी झापं, वेली चढलेल्या. बघण्यासारखी गोष्ट म्हणजे दारं. खालच्या फ्लॅटचं दार वेगळं, वरच्याचं वेगळं, दोन्ही थेट रस्त्यावर उघडणारी, कोणाच्या ओसरीतून कोणाला जावं लागत नाही. आणि प्रत्येक दाराशी लोखंडी ओढघंटी, तिच्या मुठीचा आकार प्रत्येकीचा वेगळा, कुठे तीन पानांचं क्लोव्हर, कुठे पाइनचं फळ. रस्त्यावर दिवे नव्हते त्या काळात अंधारात हाताने चाचपून आपलं दार ओळखता यावं म्हणून, असं सांगतात. त्या गोष्टीतला लाजर श्रीमंताच्या दाराशी पडून असतो, इथे त्याला स्वतःचं दार मिळालंय आणि त्याला घंटी पण आहे, वाजवायचं ते बाहेरच्याने. एवढ्यासाठी मी तिसरा स्टार हसत दिला.

आत जुन्या पद्धतीचं एक घर जसंच्या तसं ठेवलंय, बुटकं स्वयंपाकघर, लाकडी पलंग, आणि आजचा फ्लॅट कसा असतो तो पण उघडून दाखवतात, साठेक चौरस मीटर, म्हणजे मुंबईतला बरा टू बीएचके म्हणून खपेल. महायुद्धातला बंकर आहे तो चुकवू नका. फेब्रुवारी 1944 च्या बॉम्बहल्ल्यात वसाहतीचा मोठा भाग पडला, आणि युद्ध चालू असतानाच काही दिवसांत घराण्याने ठरवलं की पुन्हा बांधायची. पैसा कुठून तर मुख्यतः ट्रस्टच्या जंगलांतून, आणि आता तिकिटांतून पण. मोझार्टचा पणजोबा, गवंडी होता, तो इथे राहायचा, त्याची पाटी आहे, फोटो काढा आणि पुढे चला.

रात्री दहाला गेट बंद होतं, उशिरा येणाऱ्या रहिवाशाने रखवालदाराला 50 सेंट द्यायचे, बारानंतर एक युरो. म्हणजे एकच रात्र मित्रांबरोबर बारानंतरपर्यंत बसलात तरी वर्षाच्या भाड्यापेक्षा जास्त गेले.

प्रार्थना म्हटली की नाही हे कोणी तपासत नाही, तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. मला हे आवडलं. सौदाच असता तर फुगरसारख्या माणसाने पावती मागितली असती, असं बायको म्हणाली, आणि ट्राममध्ये परत म्हणाली.

सूचना दोनतीन. लोक खरंच राहतात इथे, पडद्याआड डोकावू नका, मोठ्याने बोलू नका, आमच्या पुढेच एक ग्रुप कुणाच्या तरी खिडकीतल्या कुंड्या हलवून फोटो काढत होता. लहान मुलांना तासाभरात कंटाळा येतो. पाट्यांवर जर्मनबरोबर इंग्लिश आहे. वेळ उरला तर गावातलं सेंट आना चर्च जरूर करा, कारण फुगर तिथे पुरलाय, स्वतः बांधलेल्या चॅपेलमध्ये. 1518 मध्ये पोपने पाठवलेल्या कार्डिनलसमोर जाब द्यायला लुथर आउग्सबुर्गला आला तेव्हा त्याच सेंट आनाच्या मठात उतरला होता, आणि पुढे ते चर्च लुथरवाल्यांचं झालं, फुगरचं चॅपेल तेवढं कॅथलिक राहिलं. एकाच छपराखाली दोन्ही, आमच्या घरासारखं. आम्ही दोघांनी तिथे आपापल्या पद्धतीने प्रार्थना केली, तिने फुगरसाठी पण केली, मी नाही केली.